धाकट्या जावेचा उजेड

तुळशीचं लग्न लागलं, बोरं-आवळे वाटून झाले, की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे दुखणं डॉक्टरकडे नेण्यातलं नाही. बाकीच्यांना या दिवसांत थंडीची चाहूल लागते, लग्नसराईची लागते. मला माझ्या धाकट्या जावेची लागते. तशी ती वर्षभर याच घरात असते, वरच्या मजल्यावर. पण कार्तिक सरत आला आणि तिरपं ऊन आमच्या केडगावच्या घराच्या जिन्यात उतरायला लागलं, की ती मला जरा जास्तच दिसते.

यंदा तर तिने कहर केला आहे. साठीला आलेली ही बाई मोबाईलवर कोर्स करते आहे. माणसाच्या फोटोला उजेड कसा द्यायचा, याचा. कुणी एक दाढीवाला पोरगा हिंदी-इंग्रजीत बडबडत दिव्यांपुढे छत्र्या आणि पेट्या लावत असतो आणि ही मेथी निवडत ऐकत असते. मधेच थांबवते, मागे नेते, परत ऐकते. परवा तिने जिन्यातूनच हाक मारली, "वहिनी, या की वर! ह्यानं बी शिकवायला अंडंच घेतलंय बघा. आपन कनीक घेतल्ती!" आणि ती हसली. तिचं हसणं अजून तसंच आहे, फरशीवर भांडं पडल्यासारखं. मी म्हटलं, माझं दूध गॅसवर आहे. गॅसवर काही नव्हतं.

चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या सुमाराचा तो हिवाळा. आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, नगरच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. खाली भुसाराचं दुकान, वर जिना चढून गेलं की स्टुडिओ. तुळशीच्या लग्नापासून पुढे होळीपर्यंत तिथे एकाच कामाची रीघ लागायची, ती म्हणजे स्थळाच्या फोटोची. मुलगी लग्नाची झाली की तिला नेसवून-सजवून फोटोला आणायचं. एक अर्धा फोटो, चेहऱ्याचा. आणि एक उभा, स्टुडिओतल्या शिसवी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. त्या खुर्चीची उंची आसपासच्या तालुक्यांत बहुतेक मध्यस्थांना ठाऊक होती. मुलीचं कोपर खुर्चीच्या वर येतं की खाली, यावरून फोटो बघणारी माणसं घरबसल्या मुलीची उंची काढायची. मामंजी ती खुर्ची कुणाला हलवूही देत नसत.

पण मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कॅमेऱ्याच्या काचेत त्यांना चेहरा नीट दिसेना. शिवाय गल्लीच्या तोंडाशी नवा स्टुडिओ आला होता आणि तिथे चांदीच्या छत्र्यांचे दिवे होते. त्यातच मुलींच्या आया म्हणायला लागल्या होत्या, "फोटू काढनारी बाई असती तर बरं झालं असतं. पोरगी लाजती." मामंजींच्या दोन्ही मुलांना स्टुडिओत रस नव्हता. आमचे हे कचेरीत कारकून आणि धाकटे भावजी एसटीत कंडक्टर. उरलो आम्ही दोघी सुना.

मामंजींनी जेवताना विषय काढला. "दोघी शिका," म्हणाले. "आळीपाळीनं स्टुडिओत या. संक्रांतीला ठरवू कोणाचा हात बसतोय ते."

सासूबाई वाढत होत्या. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "जाईल ती एकच जाईल. दोघी गेल्या तर चूल कोन पेटवंल? गुरं कोन बघंल?"

म्हणजे सरळ होतं. एकीला कॅमेरा, दुसरीला चूल. आणि चूल म्हणजे दहा माणसांचा स्वयंपाक, दोन म्हशी, सासूबाईंचे गुडघे आणि दोघींची मिळून चार पोरं. मी थोरली. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं मी ते सगळं केलं होतं. रंजना, माझी जाऊ, शेवगावकडची. तिला येऊन माझ्या निम्मीही वर्षं झाली नव्हती. शिक्षण दोघींचं सारखंच, बारावी. माझ्या मनात शंकाच नव्हती की न्यायाने पाहिलं तर कॅमेरा माझा आहे.

मला कॅमेरा हवा होता की दुसरंच काही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. माझा दिवस असला की मी सकाळी केडगावच्या थांब्यावर उभी राहायची. पुण्याच्या बाजूने धुरळा उडवत गाडी यायची. खिडकीची जागा मिळाली की मी पदर डोक्यावरून खाली घ्यायची आणि गार वारं कानात शिरू द्यायची. नगर येईपर्यंत मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई नव्हते. उसाच्या बैलगाड्या मागे पडत, शाळेची पोरं मागे पडत, आणि पिशवीत स्टुडिओची किल्ली वाजत असे. मामंजी मागून येत, सावकाश. कुलूप मी उघडायची. बंद स्टुडिओचा एक वास असतो, फोटो धुवायच्या हायपोचा आणि पावडरीचा आणि जुन्या पडद्याचा. तो वास पहिल्यांदा माझ्या नाकात जायचा. ज्या दिवशी रंजनाची पाळी असे, त्या दिवशी मी भाकऱ्या थापताना घड्याळ बघायची आणि मनात म्हणायची, आता तिने कुलूप उघडलं असेल. तव्यावरची भाकरी करपायची.

मामंजींनी आम्हाला लावून दिलेला कोर्स पुण्याच्या एका संस्थेचा होता, टपालाने शिकवणारा. धडे सायक्लोस्टाइल केलेले, शाई बोटाला लागायची. थोरली म्हणून नाव माझं घातलं होतं. एकीच्याच नावावर दोघी शिकत होतो. पोस्टमन पाकीट घेऊन आला की मी हात पुसून पुढे व्हायची, आणि रंजना माझ्या खांद्यावरून मान घालून वाचायची. मला संपूर्ण ओळ वाचायची सवय. तिचं आपलं, चित्रं आधी.

पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की एक अंडं घ्या, काळ्या कापडावर ठेवा आणि एकाच दिव्याने त्यावर ऊन-सावली कशी फिरते ते पाहा. आमच्या सासूबाई माळकरी. अंडं उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, नारळ सोलून घेऊ. रंजनाने परातीतली कणीक उचलली, गोळा वळला, मधे चिमटीने नाक काढलं, दोन बोटांनी डोळ्यांचे खड्डे पाडले. "ही घ्या कनकीची बाई," म्हणाली. आणि ताकाच्या रवीच्या खांबाला बल्ब टांगून ती तो वरखाली करायला लागली. दिवा समोर धरला की बाई चपटी दिसायची. जरा बाजूला आणि वर नेला की नाकाची सावली ओठाकडे उतरायची, गाल वर यायचा, आणि कणकेच्या त्या गोळ्याला एकदम वय यायचं, स्वभाव यायचा. पोरं टाळ्या पिटत होती. सासूबाईसुद्धा बघायला आल्या आणि म्हणाल्या, "ही तर आपली यमुनाआत्या!" मग रंजनाने यमुनाआत्याच्या पोळ्या लाटल्या आणि सगळ्यांनी खाल्ल्या. नारळ मला सुचला होता आणि कणीक तिला सुचली, एवढ्यावरून मी त्या दिवशी जेवले नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

मी शिकले नाही असं नाही. चांगली शिकले. धड्यात दिव्याचा कोन जसा दिला होता तसा मी स्टुडिओच्या फरशीवर रांगोळीच्या ठिपक्यांनी आखून घेतला. मुलगी इथे, मोठा हॅलोजन इथे, डोक्याच्या जरा वर. दुसऱ्या बाजूला सावली फार गडद होऊ नये म्हणून उजेड परतवणारा पांढरा फळा हवा, तो मी गणपतीच्या मखराच्या थर्माकोलचा केला. हॅलोजनचा उजेड मऊ पडावा म्हणून पुढे मामंजींचं जुनं धोतर ताणून बांधलं. फार जवळ बांधलं तर ते जळतं हेही मीच शोधून काढलं आणि बोलणी खाल्ली. केसांवर मागून एक छोटा दिवा, म्हणजे काळे केस काळ्या पडद्यात बुडत नाहीत. डोळ्याच्या बुबुळात उजेडाचा एक ठिपका आला पाहिजे. तो नसला तर माणूस मेल्यासारखं दिसतं. हे सगळं मला पाठ होतं. अजून आहे.

आणि रंजना यायची आणि माझे ठिपके पायाने पुसायची. मुद्दाम नाही, तिला ते दिसायचेच नाहीत. ती दिवा लावायच्या आधी मुलीशी बोलायची. कुठल्या गावची, मामा काय करतो, आज जेवलीस का. बोलता बोलता तिच्याभोवती फिरायची, आणि मग एकदम स्टूल सरकवून दिवा भलतीकडेच नेऊन ठेवायची. "हिचा हा गाल बोलका हाय," म्हणायची. गाल बोलका! असलं कुठल्या धड्यात लिहिलं होतं? पण मुलगी हसलेली असायची आणि लाजणं विसरलेली असायची. माझ्यापुढे त्याच मुली ताठ बसत. मी म्हणायची, हनुवटी जरा खाली, खांदे सैल, आणि त्या लसटोचणीला बसल्यासारख्या डोळे मोठे करत. त्या थंडीत हॅलोजनची ऊब बरी वाटायची म्हणून बरोबर आलेल्या म्हाताऱ्या मात्र माझ्या दिव्यासमोरून उठायला तयार नसत. माझ्या उजेडाचा तेवढा उपयोग होता.

प्रत्येक धड्याला फोटो काढून पुण्याला पाठवायचे असत. एकाच पाकिटात दोघींचे, माझ्या नावाने. परत यायचे तेव्हा मागे लाल शाईत शेरा असायचा. माझ्यावर: 'दिव्यांची मांडणी अचूक.' तिच्यावर: 'वा!' पुढे नाव माझंच. मास्तरांना काय ठाऊक. तो 'वा' माझ्या नावावर जमा झाला आणि तरी माझा नव्हता. रंजना म्हणाली, "तुमचं अचूक आलंय वहिनी, माझं नुस्तं वा." ती खरोखरच हिरमुसली होती. तिला वाटलं, अचूक हे वरचं. अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? पण करता येतो. मी केला.

मग ते गालाचं प्रकरण झालं. सुप्याच्या अलीकडच्या एका खेड्यातून एक बाई मुलीला घेऊन आली होती, सोबत मुलीचा मामा. रंजनाची पाळी होती, पण बाजारहाट करायचा होता म्हणून मीही त्या दिवशी स्टुडिओत होते. नुकताच आलेला धडा असा होता की दिवा बराच बाजूला आणि उंच न्यायचा. मग चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीत जातो आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण पडतो. धड्यात त्याची फार स्तुती केली होती. पण ते चित्र दाढीवाल्या म्हाताऱ्याचं होतं. लग्नाच्या मुलीवर हे करायचं नसतं एवढं मला न शिकता कळत होतं. स्थळाच्या फोटोत चेहरा पौर्णिमेसारखा लख्ख पाहिजे, कुठे सावलीचा टिपूस नको. मी रंजनाला डोळ्यांनी खुणावलंही. तिने बघितलं नाही आणि बटण दाबलं.

चार दिवसांनी फोटो न्यायला आई आली. हातात घेतला, उजेडाला धरला, उलटा करून पाहिला.

"अर्धं त्वांड काळं कशापायी केलं?" ती म्हणाली.

"काळं न्हाई हो मावशी, सावली हाय ती," रंजना म्हणाली. "कसली झ्याक दिसती बघा पोरगी. इचारात पडल्यावानी."

"लग्नाच्या पोरीला कसला आलाय इचार? लोक म्हनतील, त्या गालावर डाग हाय म्हनून झाकलाय!"

मामा म्हणाला, परवा मध्यस्थ यायचाय, आता दुसरा काढायला वेळ नाही. ते तसेच कुरकुरत फोटो घेऊन गेले. मामंजींनी रंजनाकडे नुसतं बघितलं. मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते: मला फार बरं वाटलं. येताना मी पावशेर जिलबी घेतली, पोरांसाठी म्हणून.

आणि झालं काय, तर मुलाकडच्यांना खरंच तो संशय आला. याआधी ती माणसं नुसता फोटो बघून चार ठिकाणी नकार कळवून मोकळी झाली होती. इथे मात्र त्यांच्या घरातल्या बायकांना गप्प बसवेना. गालावर आहे तरी काय, हे बघायलाच त्या जीप करून आल्या. मुलीने पोहे आणले. बायकांनी तिला खिडकीपाशी बोलावलं, इकडे मान कर, तिकडे मान कर केलं. गाल स्वच्छ. आणि एवढं निरखून बघितल्यावर पोरगी त्यांच्या मनात भरली. सुपारी फुटली. मुलीची आई पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढून आली आणि रंजनाच्या तोंडात पेढा कोंबत म्हणाली, "बाई, तुमची सावली लाभली बघा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांचं बरोबर केलेलं वाया जातं आणि हिची चूकसुद्धा फळते! त्यानंतर जिन्यावरून येणारी पहिली हाक असायची, "त्या हसऱ्या बाई हायेत का?" माझ्या पाळीच्या दिवशी लोक चौकशी करून परत जायला लागले. उद्या येतो म्हणायचे. पारनेरकडची एक म्हातारी तर मला म्हणाली, "तुमी बसा, तुमी नका उठू. आमी थांबतो." त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत रिकाम्या खुर्चीवर दिवे लावून बसले. उजेड अगदी बरोबर पडला होता.

मत्सराबद्दल लोक वाईट बोलतात. मी बोलत नाही. त्या हिवाळ्याइतकं मन लावून मी दुसरं काही बघितलं नाही. रंजना पदर कुठल्या बाजूला खोचते, बोलताना कुठल्या शब्दावर अडते, दिवा उचलायच्या आधी एक डोळा बारीक करून कशी क्षणभर गप्प होते, काम मनासारखं झालं की अंगठ्याने बांगड्या कशा मागे सारते, हे सगळं मला ठाऊक होतं. नवऱ्याच्या शर्टाला किती बटणं आहेत ते मी सांगू शकले नसते. धाकटे भावजी तर रंजनाने फोटो पुढे धरला की न बघताच म्हणायचे, "झाला का खेळ? जेवायला वाढ." ती वाढायची. ताटाजवळ फोटो पालथा पडलेला असायचा, आणि तो मी उचलून बघायची. त्यात खोट शोधायची. सहसा सापडायची नाही.

शेवटचा धडा मार्गशीर्ष संपता संपता आला. 'आपल्या चांगल्या परिचयाच्या एका व्यक्तीचे छायाचित्र काढा.' आम्ही एकमेकींचे काढायचे ठरवलं. दोघींनी एका दुपारी स्टुडिओत जायला सासूबाईंनी कशीबशी परवानगी दिली. आधी मी तिचा काढला. ठिपके आखले, फळा लावला, मागचा दिवा लावला. ती सारखी हलत होती, मी रागावले, मग ती शहाण्यासारखी बसली. फोटो उत्तम आला. तो किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर छापता आला असता.

मग मी बसले. मला वाटलं आता ती काहीतरी विनोद करेल आणि मी ठरवून टाकलं होतं की हसायचं नाही. पण ती सरळ दिव्यांकडे वळली. एकच दिवा ठेवला. माझा फळा उचलून भिंतीला टेकवला. खालच्या दुकानातून ज्वारी मापल्याचा आवाज येत होता. ती एक डोळा बारीक करून उभी राहिली, मग वाकून कॅमेऱ्यात बघायला लागली आणि म्हणाली, "वहिनी, माज्याकडं बघा."

मी बघितलं. तिच्या मनगटावर पीठ वाळलेलं होतं. केस सुटून कपाळावर आले होते आणि तिला त्याचं भान नव्हतं. मी आरशासमोरसुद्धा इतकी बेफिकीर कधी उभी राहिले नव्हते. मला ते सगळं हवं होतं. तिचा हात हवा होता, तो बारीक केलेला डोळा हवा होता, किल्ली हवी होती, सकाळची बस हवी होती. तेवढ्यात खटका वाजला.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली आम्ही दोघी ट्रेवर वाकलो. मामंजी मागे उभे होते. पाण्यात कागद हलत होता आणि त्यातून आधी भुवया आल्या, मग डोळे. मी ते डोळे ओळखले. त्यांत काय आहे ते मला वाचता येत होतं, आणि मला वाटलं की आता सगळ्यांनाच वाचता येणार. मी खाली बघितलं. मामंजींनी चिमट्याने ओला कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि बराच वेळ धरून ठेवला.

"हं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो मोठा करून जिन्याच्या तोंडाशी काचेच्या कपाटात लागला. आणि लोक थांबायला लागले. भुसारवाला म्हणाला, "थोरल्या वहिनींच्या नजरेत काय माया हाय!" कुणी म्हणालं, नवऱ्याची वाट बघत असतील. कुणी म्हणालं, देवाकडे बघतायत जणू. शेजारच्या शिवणकामवाल्या शेखचाचांची बायको माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "क्या प्यार है आँखों में, बाई!" आमचे हेसुद्धा कचेरीतून येताना वाट वाकडी करून बघून आले आणि रात्री जेवताना मला आग्रह करून लाडू वाढला. एकाही माणसाला कळलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटलं की कुणाला तरी कळावं.

संक्रांतीला तिळगूळ वाटून झाल्यावर मामंजींनी सांगितलं. "स्टुडिओ रंजना बघंल. थोरलीनं घर सांभाळायचं. तिच्या हातात घर आहे." त्यांनी हे प्रेमाने सांगितलं. आणि पुराव्याला काचेतला माझाच चेहरा होता, त्यातली 'माया' होती. कोर्सचं प्रमाणपत्र पुढे पंधरवड्यात आलं, पहिल्या वर्गाचं, माझ्या नावाचं. ते स्टुडिओत तिच्या डोक्यावर टांगलं गेलं. मी किल्ली पिशवीतून काढून तिच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, "तुमी मधनं मधनं येत जावा हो वहिनी." मी एकदोनदा गेले. मग म्हैस व्याली, मग सासूबाईंचे गुडघे वाढले, मग पोरांच्या परीक्षा. मी घरात होते आणि माझा चेहरा बाजारात लटकत होता. शेवगाव-जामखेडहून मुली येत आणि काचेवर बोट ठेवून म्हणत, "माजा असा काढा. ह्या बाईवानी." त्या नजरेने किती जणींची लग्नं जमली असतील देव जाणे. मला केडगावात बसून भाकऱ्या थापताना त्याचे पेढे मिळत.

मामंजी गेले, सासूबाई गेल्या, डिजिटल कॅमेरे आले, मोबाईल आले. लोकांनी घरीच फोटो काढायला सुरुवात केली आणि स्टुडिओला कायमचं कुलूप लागलं. धाकटे भावजी निवृत्त होऊन दिवसभर टीव्हीसमोर असतात. आमचे हे आता नाहीत. मला वाटलं होतं, चला, आता तरी दोघी एकाच पायरीवर आलो. तर हिने हा कोर्स काढला.

काल दुपारी ती खालीच आली, माझ्या हॉलमध्ये. काळी मोठी कापडी पेटी बसवलेला दिवा मुलाकडून मागवलाय, तो घेऊन. माझं टीपॉय सरकवलं, खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली आणि म्हणाली, "बसा वहिनी. वळखीच्या मान्साचा फोटू काढून पाठवायचाय कोर्सला."

"नातवाचा काढ की," मी म्हटलं. "माझ्या तोंडावर आता काय राहिलंय?"

"बसा तर."

मी बसले. तिने दिवा लावला. पूर्वीसारखा तापत नाही तो, सगळीकडून मऊ येतो, गुडघ्यांवरसुद्धा. पायांच्या स्टँडवर कॅमेरा ठेवून ती मागे सरली, पुढे आली. मग म्हणाली, "तवा बघितल्तं ना माज्याकडं, तसं बघा."

"कधी?"

"असं काय करता वहिनी. त्या फोटूत."

मी म्हटलं, "तेव्हा काय, सकाळची बस चुकली होती म्हणून वैतागले होते."

ती हसली नाही. कॅमेऱ्यामागून सरळ उभी राहिली आणि पदराने चष्मा पुसत म्हणाली, "मला म्हाईत हाय काय हुतं ते. तवाच म्हाईत हुतं, काचंत दिसलं हुतं मला. मामंजींना म्हनाले बी हुते, हा कपाटात नका लावू." तिने चष्मा डोळ्यांवर ठेवला. "पन खरं सांगू का, जल्मात माज्याकडं तसं दुसरं कुनी बघितलंच न्हाई. ह्यांनी तर कंदीच न्हाई. म्हनून म्हनते, एकदा बघा."

आतल्या खोलीत फ्रीज चालू झाला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तिने हनुवटीने खूण केली, बोलू नका. ती वाकली. पांढरे केस, सुटलेली बट, कॅमेऱ्याला टेकलेलं कपाळ. या वयात हिला अजून काहीतरी शिकायचंय, आणि येतंयही.

मी तिच्याकडे बघितलं. आठवावं लागलं नाही.